जिन्याखालचे भाडेकरू

माझ्याकडे हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची जी प्रत आहे, तिच्यात नाताळ दोनदा येतो.

२००१ च्या मे महिन्यात मामाने ती पुण्यात एका फुटपाथवरून घेतली आणि रात्रीच्या एसटीने साताऱ्याला आणली. कागद इतका पातळ, की पुढच्या पानावर काय घडणार ते मागच्या पानातून उलट्या अक्षरांत आधीच दिसायचं. मुखपृष्ठाची शाई घसरलेली, त्यामुळे हॅरीच्या चष्म्याला चार काचा. बांधणीवाल्याने १४५ ते १६० हा सोळा पानांचा फर्मा दोनदा घातला होता आणि १६१ ते १७६ हा घातलाच नव्हता. त्याचा हिशेब चोख होता. पानं तेवढीच भरली.

त्यामुळे झालं असं, की हॅरीला नाताळात मित्राच्या आईने, मिसेस वीझलींनी, विणलेला स्वेटर मिळाला, अदृश्य होण्याचा झगा मिळाला, मनातलं दाखवणारा आरसा सापडला, आणि थोड्या पानांनी पुन्हा नाताळ उजाडून पुन्हा तोच स्वेटर आला. मी मराठी शाळेत सहावी संपवलेला मुलगा. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डिक्शनरी. आपलंच इंग्रजी कच्चं असणार याची मला खात्री. आजीला विचारलं, तर ती म्हणाली, “असेल त्यांच्यातही. यंदा आपला नाही का अधिक आश्विन?”

अधिक नाताळ! मला पटलं. मी पुढे गेलो.

परवा लेकीच्या वाढदिवसाला याच पुस्तकाची सचित्र आवृत्ती घरात आली. जिम के या इंग्रज चित्रकाराने रंगवलेली, ब्लूम्सबरीने २०१५ मध्ये काढलेली. शंभराहून जास्त चित्रं. पुस्तक पोळपाटाएवढं आणि पोळपाटाहून जड. पालथं पडून वाचता येत नाही आणि उताणं पडून वाचलं तर छातीवर दडपण येतं. मांडी घालून, समोर ठेवून, पोथीसारखंच वाचावं लागतं. बायकोने तर पोथीचे नियमही लगेच लागू केले. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, आणि जवळपास चिवडा आणायचा नाही.

लेक चौथीत आहे. आम्ही दोघं हात धुऊन बसलो. पानं उलटता उलटता ती ओरडली, “बाबा, हा बघ हॅग्रिड!”

मी बघितलं. पानभर माणूस आणि त्यात निम्मी दाढी. एकेक केस सुटा काढलेला. आत एखाद्या चिमणीने संसार मांडला तर तिला पावसाळ्याची काळजी नको. डोळे मात्र मायाळू. चित्र अप्रतिम आहे, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

“हा हॅग्रिड नाही,” मी म्हणालो.

“पुस्तकात आहे ना? मग तोच असणार.”

“हॅग्रिडला दाढी नव्हती.”

लेकीने माझ्याकडे आजीने बघावं तसं बघितलं आणि मजकुरात दाढी कुठे कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. चार ठिकाणी होती. मी गप्प बसलो. पण खरं सांगायचं, तर माझा हॅग्रिड म्हणजे आमच्या शाळेचे शिपाईमामा. उंची पाच फूट दोन इंच, दाढी रोज घोटलेली, खाकी गणवेश आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हॅग्रिडचा हुद्दाच मुळी किल्ल्या आणि आवार सांभाळणारा असा आहे. घंटा मामा द्यायचे, मागचं दार मामा उघडायचे, आणि कुणालाही सांगू नका असं बजावून सहामाहीचं वेळापत्रक आदल्या दिवशी फोडायचेही मामाच. गुपित पोटात न राहणं हा हॅग्रिडचा मुख्य गुण. तो जुळल्यावर उंचीचं काय एवढं? पुस्तकात माणूस अवाढव्य आहे म्हटल्यावर मी मामांना दोन्ही बाजूंनी ताणलं. दाढीपर्यंत पोचलो नाही, कारण त्या शब्दाला डिक्शनरी उघडायचा त्या दिवशी कंटाळा आला होता.

आता मामा हॅग्रिडच्या जागेत पाव शतकाच्या आसपास राहताहेत. ज्यांचा जुन्या वाड्याशी संबंध आलाय त्यांना पुढचं सांगायला नको. भाडं महिना चौदा रुपये, तेही मनीऑर्डरने. घरमालक दारात आला तर त्यालाच विचारायचं, कोण पाहिजे? जिम के यांचा हॅग्रिड सामान घेऊन आला, बिचारा सभ्य माणूस, पण आतून मामांनी कडी काढलीच नाही.

आणि ते एकटे नाहीत. माझ्या डोक्यातला सगळा वाडा भरलेला आहे. प्रोफेसर मॅकगोनॅगल या आमच्या गणिताच्या बाई. अंबाडा तोच, ओठांची रेघही तीच. स्नेप म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचे वैद्य. अंधारी खोली, उकळणारी पातेली, चिडचिडा आवाज आणि बरण्यांत न विचारलेल्या वस्तू. पोशन म्हणजे काढा हे मला डिक्शनरीविना कळलं होतं. हॅरीचा शाळेतला वैरी मॅलफॉय म्हणजे गिरणीवाल्याकडचा एक मुलगा. त्याचे केस पिठाने पांढरे व्हायचे, एवढाच त्याचा गुन्हा.

हॉगवर्ट्सचं तर विचारूच नका. ती शाळा स्कॉटलंडमध्ये आहे म्हणतात. माझी अजिंक्यताऱ्यावर होती. डोंगरावर किल्ला म्हटल्यावर साताऱ्याच्या मुलाने दुसरीकडे कुठे बघायचं? औरंगजेबाने १७०० मध्ये तो घेऊन त्याचं नाव आझमतारा ठेवलं होतं, ते नाव टिकलं नाही, तिथे हॉगवर्ट्स हे नाव माझ्यापुरतं आरामात टिकलं. वर टीव्हीचा मनोरा आहे. तो खगोलशास्त्राचा, हे उघड होतं. पहिल्या वर्षाची मुलं होड्यांतून तळं ओलांडतात, त्या होड्या बामणोलीच्या. के यांनी हॉगवर्ट्स काढलंय ते दगड दगड रचून. बुरुजावर बुरूज, खिडक्यांत दिवे, छपरांवर छपरं. बघत राहावं असं आहे. पण त्याला छप्पर आहे, आणि तिथेच माझं अडलं.

पुस्तकात त्या भव्य दालनाच्या छताचं फार कौतुक आहे. वर बघितलं की थेट आभाळ दिसतं, चांदण्या दिसतात, पाऊस भरून आला तर ढग दिसतात. हॅरीची मैत्रीण हर्मायनी तर ग्रंथ वाचून आलेली असते, छतावर कसली जादू केलीय ते ती सांगते. मी ते वाचून बुचकळ्यात पडलो होतो. यात जादू ती कसली? मी तोवर अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड आणि सहलीत पन्हाळा पाहिला होता. निम्म्या वास्तूंत उभं राहून वर बघितलं की आभाळच दिसतं. छप्पर असतं तर ती जादू म्हणायची.

हर्मायनी हे नाव मला तेव्हा हर्मिओन असंच वाटत होतं, हेही सांगून टाकतो. नावाचा उच्चार कसा करायचा ते लेखिकेने चौथ्या पुस्तकात समजावून दिलं. तोपर्यंत मी तीन पुस्तकं चुकीच्या मुलीशी मैत्री केलेली होती.

मुळात हॅरीचं दुःखच मला नीट कळलं नव्हतं. हा मुलगा मावशीकडे जिन्याखालच्या कपाटात राहतो आणि सगळं जग हळहळतं. आम्ही सात माणसं, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. मी आजोबा आणि कपाट यांच्यामधल्या फटीत झोपायचो. याला स्वतंत्र खोली! वर दार, दाराला कडी! कडी बाहेरून होती हा तपशील माझ्याकडून निसटला असावा. आमच्याही घरात जिना होता, पण त्याखाली सायकल, रद्दी, रॉकेलचा डबा आणि गणपतीचं मखर यांनी आधीच ताबा घेतला होता. मी मखराला बाहेर काढायचा प्रस्ताव मांडला, तो आजीने एका वाक्यात फेटाळला. पुढे हॉगवर्ट्सहून येणाऱ्या पत्रावर जिन्याखालचं कपाट असा पत्ता लिहिलेला असतो आणि सगळं घर हादरतं. हेही मला समजेना. आमच्या पत्रांवर मारुतीच्या देवळामागे, बोळात शिरल्यावर डावीकडे, जिन्याखालचं दार, एवढं असायचंच. त्याशिवाय पोस्टमन यायचा कसा?

डायगन अ‍ॅलीचं चित्र मात्र मी बराच वेळ पाहिलं. दुकानाला दुकान चिकटलेलं, पाटीवर पाटी, खिडकीत खिडकी. हे चित्र काढताना के यांनी आधी प्लॅस्टिसिनची छोटी दुकानं करून पाहिली होती म्हणे. या माणसाने क्यूच्या वनस्पतीबागेच्या संग्रहात नोकरी केलेली आहे, त्यामुळे कुठलंही मूळ, कुठलंही पान नुसतं हिरवं फासून तो सोडत नाही. पण गर्दी कमी पडते. माझी डायगन अ‍ॅली जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला पुण्याचा अप्पा बळवंत चौक होती. हातात शाळेची यादी, खांद्यावर ओली छत्री, आणि पुढचा माणूस मागच्या माणसाला ढकलतोय. छड्या विकणारे ऑलिव्हँडर ख्रिस्तपूर्व ३८२ पासून दुकान चालवतात. पाटीवर आमची कोठेही शाखा नाही, एवढंच लिहायचं राहिलंय. तिथे छडी गिऱ्हाईक निवडते, गिऱ्हाईक छडी निवडत नाही. पुण्यात हेच काम दुकानदार करतो.

आता हॉगवर्ट्सच्या गाडीचा फलाट. नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश असा काही फलाट असू शकतो यावर त्या पुस्तकात मावशीच्या घरचं कुणी विश्वास ठेवत नाही. मी आजोबांना मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो. आजोबांची पावकी, निमकी, पाऊणकी पाठ. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, “म्हणजे पावणेदहा.” संपलं. इंग्रजांना ज्यासाठी भिंतीत शिरावं लागतं ते आमच्याकडे एका शब्दात होतं. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “गाडी किती वाजता?” मी म्हटलं, अकरा. ते म्हणाले, “पावणेदहाला अकराची गाडी? घोळ होणार. पोराला कागदावर लिहून दे म्हणावं.”

घोळ झालाच होता, पण तो लेखिकेचा. जे. के. रोलिंग यांनी पुढे मुलाखतीत स्वतःच सांगितलं, की हा फलाट असलेल्या किंग्ज क्रॉस स्टेशनबद्दल लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर लंडनचंच यूस्टन स्टेशन होतं. खऱ्या किंग्ज क्रॉसवर नऊ आणि दहा हे फलाट मुख्य इमारतीच्या बाजूला आहेत आणि त्यांच्या मध्ये रूळ आहेत. शिरायला भिंतच नाही. सिनेमावाल्यांनी मग चार आणि पाच नंबरच्या फलाटांवर काम भागवलं. आज स्टेशनात पर्यटकांसाठी अर्धी भिंतीत घुसलेली ढकलगाडी आहे, तीही त्या फलाटांवर नाही. म्हणजे लेखिकेचं एक स्टेशन, कॅमेऱ्याचं दुसरं, पर्यटकांचं तिसरं. मग माझं सातारा रोड असलं तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

हे ऐकल्यापासून मला फार बरं वाटतंय. त्यात के यांचंही कळलं. त्यांचा हॅरी म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेत दिसलेला एक मुलगा आणि हर्मायनी म्हणजे त्यांची भाची. तेही शेवटी आपलीच माणसं ठेवून मोकळे झाले! फरक इतकाच, की त्यांना चित्र काढता येतं आणि मला ‘घर’ सोडून काही काढता येत नाही, तेही दोन डोंगरांमध्ये.

मधेच एक तक्रार. वर्गवाटणीच्या वेळी टोपी डोक्यावर ठेवतात त्या प्रसंगात पाटील आडनावाच्या जुळ्या बहिणी येतात. पार्वती आणि पद्मा. साताऱ्यात बसून इंग्रजी पुस्तकात पाटील भेटल्यावर काय होतं ते मुंबईच्या माणसाला कळणार नाही. पण कुठले पाटील? तालुका कुठला? सात पुस्तकं संपली, साधी पाहुण्यांची चौकशीसुद्धा कुणी केली नाही. मी त्यांना दोन वेण्या आणि लाल रिबिनी घालून दिल्या आणि आपल्या जबाबदारीवर कऱ्हाडला राहायला ठेवलं.

पुस्तकात पत्रं घुबडं आणतात. घुबडाबद्दल आजीचं मत वेगळं होतं, आणि त्या पुस्तकाला तीन दिवस देवघराच्या खोलीत यायला बंदी होती. पण पुस्तकातल्या परिसाची गोष्ट तिने ऐकून घेतली. आपल्याकडे मराठी अनुवादाला ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे नाव मिळालं, आणि मला वाटतं जगात एवढं सरळ नाव दुसरीकडे क्वचितच बसलं असेल. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रकाशकांना शीर्षकातला तत्त्वज्ञ काढून तिथे जादूगार घालावा लागला. आम्हाला खुलासा लागला नाही. निकोला फ्लामेल हा खरा माणूस, पॅरिसचा लेखनिक, १४१८ मध्ये वारलेला. त्याने १४०७ मध्ये बांधलेलं घर अजून पॅरिसमध्ये उभं आहे. पुस्तकात तो सहाशे पासष्ट वर्षांचा होऊन परीस सांभाळत बसलाय, हे ऐकून आजीने मान हलवली. परिसा भागवतांचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला होता, आणि परत मागितला तेव्हा ओंजळभर खडे काढून दिले, ते सगळेच परीस निघाले. “याने एवढी वर्षं जपून काय मिळवलं?” आजी म्हणाली. “नदी नाही का त्यांच्या गावात?” पुस्तकाच्या शेवटी हॉगवर्ट्सचे मुख्याध्यापक डम्बलडोर आणि फ्लामेल तो दगड नष्ट करायचं ठरवतात. मी ते वाचून दाखवल्यावर आजीने पुस्तकावरची बंदी उठवली.

क्विडिचबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. ज्या खेळात शेवटच्या एका चेंडूला दीडशे गुण आहेत, त्यात बाकीची मुलं एवढा वेळ काय करत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही.

दीडशेवरून आठवलं. माझ्या प्रतीत १६० व्या पानानंतर दुसरा नाताळ पार पडला, की एकदम १७७ वं पान. हॅरी आणि हर्मायनी रात्री पकडले जातात, गणिताच्या बाई चिडतात, हॅरी, हर्मायनी आणि नेव्हिल यांचे प्रत्येकी पन्नास गुण कापतात. एकूण दीडशे. का? साधं रात्री हिंडल्याबद्दल! पण मला ते अजिबात खटकलं नाही. आमच्याकडे एकाने जांभई दिली म्हणून अख्खी रांग बाकावर उभी राहिलेली होती. शाळा आहे, कापणारच.

बाई त्या वेळी आणखी एक गोष्ट बोलतात. मॅलफॉयला गोत्यात आणायला तुम्ही ड्रॅगनची काहीतरी थाप मारलीत, असं त्यांचं म्हणणं. बाईंचाच शब्द म्हटल्यावर माझा विश्वास बसला. पुढे गुत्त्यात कुणीतरी हॅग्रिडला अंडं दिल्याचं बोलणं निघतं, ते मी त्याच्या पिण्याच्या खाती टाकलं. पिणाऱ्या माणसाला कोण काय देईल आणि तो काय सांगेल!

मग गावात सिनेमा आला. मामांच्या, म्हणजे हॅग्रिडच्या, झोपडीत टेबलावर अंडं फुटलं आणि आतून ड्रॅगन निघाला. मी थिएटरातच उभा राहिलो. पुस्तकात असलं काही नाही! सिनेमावाल्यांनी गर्दी खेचायला घातलेला प्रकार! शेजारी बसलेला वर्गमित्र म्हणाला, आहे पुस्तकात. मी म्हटलं, मी दोनदा वाचलंय, नाताळ तर चारदा. बाई स्वतः त्याला थाप म्हणतात, पान १७७ च्या पुढे बघ. पाव किलो कंदी पेढ्यांची पैज लागली. त्याच्याकडे पुस्तक नव्हतं, म्हणून पुरावा माझाच. तो हरला. पेढे त्याने दिले आणि मी खाल्ले. नंतर कॉलेजात, नोकरीत, चहाच्या टपरीवर, जिथे जिथे ड्रॅगन निघाला तिथे तिथे मी ‘मूळ पुस्तक वाचा’ असं लोकांना सुनावत आलो. पुस्तक मी पुन्हा उघडलं नव्हतं. पाठ असलेलं कोण उघडतं?

परवा रात्री लेकीला वाचून दाखवत होतो. नाताळ एकदाच आला, तेव्हाच मला जरा चुकल्यासारखं झालं. आणि मग पान उलटलं तर समोर ड्रॅगनची अंडी. एक नाही, जातीजातीची, रंगारंगांची, आंब्याच्या पेटीत निवडून लावावीत तशी. मी थांबलो.

“वाच ना, बाबा.”

मी वाचू लागलो. अख्खं प्रकरण होतं. झोपडीत खिडक्या बंद करून शेगडीत अंडं उबवतात. पिल्लू बाहेर येतं. हॅग्रिड त्याला नाव ठेवतो, दर अर्ध्या तासाला ब्रँडीत कोंबडीचं रक्त घालून बादलीभर पाजतो, आणि ते बोटाला चावायला आलं तरी आईसारखा कौतुकाने बघतो. शनिवारी मध्यरात्री सगळ्यात उंच बुरुजावरून त्याला मित्रांच्या हाती लांब पाठवतात. आणि त्या गडबडीत झगा विसरला म्हणून ते दीडशे गुण गेलेले असतात. मी हे आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं. लेकीला होतं, कारण तिने दुपारीच चोरून वाचलं होतं.

“तुला हे ठाऊकच नव्हतं?” तिने विचारलं.

मी फुटपाथची सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली, की बायको हात धुतलेत का ते बघायला आत आली.

ही एकच जागा माझ्याकडे रिकामी होती. आधीचं कुणी राहत नव्हतं, मनीऑर्डर येत नव्हती. त्यामुळे जिम के यांचा ड्रॅगन सामानसुमानासह थेट आत आला आणि कुणी हरकत घेतली नाही. आता झोपडीत तो राहतो आणि त्याला बादलीने पाजायला शिपाईमामा येतात, खाकी गणवेशात, दाढी घोटून. शोभतं. मामांनी शाळेच्या मागच्या खोलीत एकदा लंगडी साळुंकी पाळली होती, मुख्याध्यापकांना न कळवता.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गमित्राला फोन केला. तो आता नाशिकला असतो. म्हटलं, ड्रॅगन आहे पुस्तकात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, पाव किलो होते, आणि इतक्या वर्षांचं व्याज.

अर्ध्या किलोवर तडजोड झाली आहे.